सात एचपीची पाटी, पाच एचपीचं इंजिन

घरच्या घरी मिनी ट्रॅक्टर जोडायचा म्हटलं की लोखंडी चॅनेल, जीपचा जुना गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग हे सगळं भंगारात वजनावर मिळतं. खरा पैसा जातो इंजिनात, आणि फसवणूकही तिथेच होते. हा सौदा एक सिलिंडरच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाचा. पाटीवर ७ एचपी, १५०० आरपीएम. किंमत ३२ हजार. "विहिरीवरचं आहे, एकच हंगाम चाललंय," असं सांगून विकणाऱ्याने दहा मिनिटं चालवून दाखवलं. तिसऱ्या दिवशी रिकामी ट्रॉली चढावर ओढताना खटखट सुरू झाली. उघडल्यावर निघालं ते असं.

आधी पाटी. ७ एचपीच्या या घडणीच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८७.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११० मिमी, म्हणजे ६६१ सीसी. हेड काढून व्हर्नियर लावला तर बोअर भरला ८० मिमीच्या आसपास. स्ट्रोक तोच, म्हणजे ५५३ सीसी. हे ५ एचपीचं इंजिन. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ दिसतात. पाटी मात्र बोलत होती: रिव्हेट नवे, चकचकीत, आणि पाटीखालीही ताजाच रंग. कंपनीतून आलेल्या पाटीखाली दुसऱ्यांदा मारलेला रंग कशाला असेल?

मग दहा मिनिटं ते एवढं जोरकस कसं वाजलं? वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून इंजिन १८०० आरपीएमवर ठेवलं होतं. वेग वाढला की आवाज करारी होतो आणि घेणारा त्यालाच ताकद समजतो. हजार-दीड हजारात डिजिटल टॅकोमीटर मिळतो. फ्लायव्हीलवर चकाकती पट्टी चिकटवून आकडा बघायचा, कानावर भरवसा ठेवायचा नाही.

इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये ४० नंबरच्या ऑइलऐवजी १४० नंबरचं गिअर ऑइल होतं. हा डाव जुना आहे आणि तरी दर वेळी चालतो. दाट तेल बेरिंगमधली जास्तीची फट भरून काढतं, खटखट दबते आणि ब्रीदरमधून (चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा धूरही थोडा कमी दिसतो. पण तेल तापून पातळ व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून दाखवणं दहा मिनिटांतच उरकतं. तेल मापायची पट्टी बाहेर काढून तेल बोटावर घ्या. मधासारखी तार धरत असेल तर सौदा तिथेच थांबवा. क्रँकपिन (क्रँकवर कनेक्टिंग रॉड बसतो ती पिन) आधीच ३० नंबरवर, म्हणजे ०.७५ मिमी घासून बारीक केलेली निघाली.

ब्लॉकला पाण्याच्या जागेजवळ चीर होती. कोरडं तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी घुसलं की असं होतं. चिरेत एपॉक्सी भरून वर हिरवा रंग मारला होता. छोटं लोहचुंबक ब्लॉकवर फिरवा, पुट्टीवर ते धरत नाही. रंग नसलेल्या ओतीव लोखंडावर रॉकेल लावून पुसायचं आणि खडूची पूड शिंपडायची. केसाएवढी चीर असली तरी ओली रेघ उमटते.

इंजिन बघायला जाताना वेळ सांगू नका. हेडला हात लावा. कोमट लागलं तर आधीच चालवून ठेवलंय. गार इंजिनाला डीकॉम्प्रेशनचा (दाब सोडायचा) लिव्हर न उचलता हातानं फ्लायव्हील फिरवा. कॉम्प्रेशनवर, म्हणजे आत हवा दाबली जाते तिथे, ते अडलं पाहिजे आणि मागे उसळलं पाहिजे. सुस्कारा टाकून पुढे सरकत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. आणि किमान पाऊण तास चालवा, विकणारा कितीही घाई करो.

खरी परीक्षा लोडवर. ३०० मिमी व्यासाच्या पुलीवर दोर गुंडाळून दोन टोकांना दोन स्प्रिंगकाटे लावायचे. दोन्हींच्या वजनातला फरक म्हणजे ओढ. १५०० आरपीएम टिकवून १६ किलोची ओढ मिळाली तर ते इंजिन ५ एचपी, साडेबावीस किलोला ७ एचपी. (व्यास मोजताना दोराची जाडी मिळवा.) हे इंजिन गव्हर्नर जागेवर आणल्यावर ११ किलोलाच काळा धूर ओकत १३०० वर आलं. दोर मिनिटा-दोन मिनिटांत जळायला लागतो, म्हणून पुलीवर पाणी सोडा, आणि दोर एका झटक्यात सुटेल असाच बांधा. बोटं जातात.

विकणाऱ्याचा दुसरा गळ पासिंगचा: "आणखी पंधरा हजार द्या, ट्रॅक्टरला नंबर काढून देतो." असा नंबर निघत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नमुना वाहन पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त वाहन-चाचणी संस्थेत तपासून घ्यावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी किकवर सुरू होणारी चारचाकी भंगारातून बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण नियमांमुळे ती रस्त्यावर अडवली जाईल हेही त्यांनीच लिहिलं आणि बदल्यात बोलेरो दिली. एजंट देतो तो नंबर बहुधा मोडीत गेलेल्या दुसऱ्याच गाडीचा असतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा चेसिस नंबर ताडून बघते.

कच्च्या चिठ्ठीवर भांडता येत नाही. बिलावर इंजिन नंबर, एचपी, बोअरचं माप आणि 'लोडवर तपासून दिलं' एवढं लिहून सही मागा. नंबर घासलेला असेल तर ते चोरीचंही असू शकतं. अशा इंजिनाला हातच लावू नका.