इतिहास मंडळाचा वाडा आणि त्यातले संग्रहालय

गोदाकाठी माझ्या आजोळी एका जुन्या देशमुखी वाड्यात तिथल्या इतिहास मंडळाचे कार्यालय आणि संग्रहालय आहे. यंदा वैशाखात तेथे दोन तास घालवले. कपाटांतल्या वस्तूंपेक्षा वाडाच अधिक पाहण्याजोगा आहे, मंडळाला मात्र ते पुरते उमगलेले दिसत नाही.

बाहेर ऊन रणरणत असताना ढेलज ओलांडून ओसरीवर आले की जो गारवा लागतो तो माळवदाचा. सागवानी तुळयांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पाणी न झिरपू देणारी पांढरी माती, असे हे छत दर पावसाळ्याआधी माती टाकून राखावे लागते. स्लॅबचा सोपा मार्ग सोडून मंडळाने ही यातायात चालू ठेवली, याचे मनापासून कौतुक वाटते. पण उजेडासाठी ठेवलेले सवणे काय किंवा धान्याचे बळद काय, कशापाशीही पाटी नाही, आणि बळदात तर मोडक्या खुर्च्या कोंबल्या आहेत. मागच्या खोलीत चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट लावले आहे. चुन्यातून भिंतीची ओल सुकून जाते, सिमेंटमागे ती कोंडते. मोडी कागदांची कपाटे नेमकी याच भिंतीला टेकवलेली असून त्यांना कुबट वास येतो.

नाण्यांचे दालन नेटके आहे. हाली सिक्क्याच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या चलनाच्या, रुपयावरचा चारमिनार भिंगातून स्पष्ट दिसतो, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा आजोबांच्या तोंडचा हिशेब तेथे लिहिलेला पाहून बरे वाटले.

शेजारच्या दस्तऐवजांत मात्र एक ढोबळ चूक आहे. निजामी स्टॅम्पपेपरवरील उर्दू खरेदीखताखाली 'इ. स. १३२७' असे छापले आहे. ते साल फसली, म्हणजे निजामी राज्यातल्या महसुली कालगणनेचे, आहे. त्यात ५९० मिळवले की १९१७ येते. चौदाव्या शतकात स्टॅम्पपेपर कुठला?

निघताना ही चूक अभिप्रायवहीत नोंदवली. मागचे पान उलटले तर तीच चूक दुसऱ्या कोणी गेल्या दिवाळीत लिहून ठेवलेली होती.