गोव्यात पंचतारांकित की गेस्ट हाऊस? पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

कांदोळीत साडेतीन हजारांना स्वच्छ एसी खोली मिळते आणि तिथून जवळच, सिकेरीला, एका रात्रीला पंधरा-वीस हजारही लागतात. झोप दोन्हीकडे सारखीच लागते. म्हणून भाडे पाहण्याआधी एक आकडा मनाशी ठरवावा: झोपेचे तास सोडून दिवसाचे किती तास तुम्ही हॉटेलच्या आवारात असणार? सकाळी आठला स्कूटर काढून रात्री दहाला परतणाऱ्यांनी पंचतारांकित खोली घेऊ नये, तो पैसा वाया जातो. सोबत सत्तरीतले आई-वडील किंवा दोन वर्षांचे मूल असेल आणि दिवसाचे सहा-सात तास आवारातच जाणार असतील, तर मात्र तोच दर योग्य ठरू शकतो.

साडेसात हजारांची रेषा

हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून असा आहे: रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. दरात शंभराचा फरक, बिलात जवळपास अकराशेचा. कर प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर लागतो, त्यामुळे आठ हजारांची खोली घासाघीस करून ७,५०० वर आणली तर फायदा दुहेरी होतो. नाश्ता धरून दर सांगितला असेल तर ती बेरीज रेषेच्या कोणत्या बाजूला पडते, हेही पाहावे. कधीकधी खोली नुसती घेऊन नाश्ता बाहेर करणे दोन्ही अंगांनी स्वस्त पडते.

जेवणाचेही तसेच. महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. बिलात 'सेवाशुल्क' असेल तर ते ऐच्छिक आहे. काढायला सांगितले तर काढावेच लागते.

आता तीन रात्रींचा हिशेब मांडू. दोन मोठी माणसे, आठ वर्षांचे एक मूल. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. पंचतारांकित खोली नाश्त्यासह १५,००० धरली तर करासह १७,७०० आणि तीन रात्रींचे ५३,१००. रात्रीचे जेवण आवारातच, रोज ४,५०० अधिक कर, म्हणजे तीन दिवसांचे १५,९३०. बेरीज ६९,०३०. गेस्ट हाऊस ३,५०० चे, करासह तीन रात्री ११,०२५. नाश्ता बाहेर, पातळ भाजी-पाव, पुरी आणि चहा, रोज ४५०. रात्रीचे जेवण रोज १,६०० धरले तर बेरीज १७,१७५. दुपारचे जेवण दोन्हीकडे बाहेरच, म्हणून ते सोडले. फरक ५१,८५५ रुपयांचा, दिवसाला सतरा हजारांहून जास्त. तरणतलाव, हिरवळ, मुलांची खेळखोली आणि नाश्त्याचा बुफे यांचा उपयोग दिवसाला सतरा हजारांइतका होणार आहे का, हे घरात बसूनच ठरवता येते.

समुद्र भाड्यात येत नाही

गोव्यातला कोणताही किनारा खासगी नाही. वायंगिणीच्या किनाऱ्याकडे हॉटेलच्या जागेतून जाणाऱ्या वाटेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली न्यायालयाने लोकांच्या जाण्यायेण्याचा हक्क उचलून धरला. जाहिरातीतल्या 'प्रायव्हेट बीच'चा अर्थ एवढाच की वाळूपर्यंत हॉटेलची स्वतःची वाट आहे आणि त्या टोकाला गर्दी कमी असते. हे 'कमी' काही ठिकाणी खूप मोलाचे असते. मोबोर, आरोशी, उतोर्डा या पट्ट्यात सकाळी किलोमीटरभर चालले तरी माणूस भेटत नाही. कळंगुट आणि बागा या किनाऱ्यांवर मात्र कितीही भाडे भरा, वाळूवर गर्दी तीच.

अंतराचाही एक मुद्दा आहे. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना १९९१ साली आली आणि गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद झाले. त्याआधीची हॉटेले पाण्याला खेटून आहेत. सिकेरीचे ताज फोर्ट आग्वाद १९७४ सालचे. नंतरची हॉटेले मागे सरकलेली असतात आणि खोलीपासून पाण्यापर्यंत हिरवळ, वाळूच्या टेकड्या आणि बरीच चाल पडते. गुडघे दुखणारी माणसे सोबत असतील तर बॅटरीवरची गाडी किती वाजेपर्यंत चालते आणि वाळूच्या आधी किती पायऱ्या आहेत, हे फोनवर विचारून घ्यावे.

पावसाळ्यात गणित उलटते

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचे नसते. जीवरक्षक लाल बावटे लावतात आणि ते ऐकायचे असते, कारण वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ जबरदस्त असते. शॅक, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खाणावळी, मेअखेरीपर्यंत उतरवलेले असतात. पाळोळे, आगोंदच्या झोपड्या मोडून ठेवलेल्या असतात. दूधसागरच्या जीपा बंद असतात. अशा दिवसांत गेस्ट हाऊसच्या खोलीत बसून करायचे काय, हा खरा प्रश्न पडतो. त्यात भिंतींना ओल येते, गाद्यांना वास लागतो, दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत.

नेमक्या याच दिवसांत मोठ्या हॉटेलांचे दर खूप खाली येतात, अनेकदा डिसेंबरच्या निम्म्याहून कमी. छपराखालच्या मोकळ्या जागा, लांबलचक व्हरांडे, जनरेटर, कोरडे टॉवेल यांची किंमत पावसात कळते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवसांत नाश्ता-जेवणासह दर मिळाला तर पंचतारांकित मुक्काम बिनधास्त घ्यावा. वर्षभरातला हाच काळ त्यासाठी सर्वांत चांगला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत तर हा पर्याय आणखी बळकट होतो. त्या दोन-तीन दिवसांत गावातल्या खाणावळी आणि छोटी दुकाने बंद असतात, आणि ज्या घरात तुम्ही उतरला आहात तिथल्या माणसांचाही तो वर्षाचा मोठा सण असतो.

डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस याच्या बरोबर उलट. दर दुपटी-तिपटीने चढतात, किमान तीन-चार रात्रींची अट असते आणि अनेक हॉटेले २४ व ३१ डिसेंबरच्या रात्रीचे 'गाला डिनर' माणशी सक्तीने लावतात. खोली आरक्षित करताना ती रक्कम दिसतेच असे नाही. बाहेर हवा सुंदर, शॅक चालू, फेस्तांचे (चर्चच्या उत्सवांचे) दिवस, आणि तुम्ही मात्र सर्वांत महाग दराने आवारात. या काळात पंचतारांकित घेऊ नये.

येण्याजाण्याचा खर्च भाड्यात धरा

गोव्यात ओला-उबर चालत नाही. 'गोवा माईल्स' ॲप आहे, पण हॉटेलच्या दारात स्थानिक टॅक्सी स्टँडचेच चालते आणि ते दर चढे असतात. निवांत किनाऱ्यावरचे मोठे हॉटेल बहुधा गावापासून लांब, म्हणजे प्रत्येक वेळी बाहेर पडायला टॅक्सी. एका बाजूने हजार रुपये गेले की माणूस नाइलाजाने आत जेवतो. दक्षिणेच्या रिसॉर्टमध्ये राहून उत्तरेचे किनारे 'करायचे' असा बेत असेल तर तो मोडा. मोपा विमानतळ ते मोबोर जायलाच दोन तास लागतात. दक्षिणेला राहायचे तर विमान दाबोळीचे किंवा रेल्वे मडगावची धरावी. पेडणे, मांद्रे, हरमलसाठी मोपा किंवा थिवी सोयीचे.

गेस्ट हाऊसला राहणाऱ्याने स्कूटर घ्यावी. पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. हेल्मेट दोन मागा. थोड्या अंतरासाठी 'पायलट', म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, आजही सर्वांत स्वस्त.

आरक्षणाआधीचा फोन

गेस्ट हाऊसला विचारायचे प्रश्न साधे आहेत, पण त्यांच्या उत्तरांवर मुक्काम ठरतो. वीज गेली तर एसी चालतो का? 'बॅकअप आहे' म्हणजे बहुतेक वेळा इन्व्हर्टर, आणि त्यावर पंखा-दिवा चालतो, एसी नाही. मे महिन्यात हा फरक फार मोठा असतो. गीझर किती लिटरचा? पंधरा लिटरच्या गीझरवर दोन अंघोळी होतात, तिसऱ्याला थांबावे लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी नळाचे की टँकरचे? किनारा '३०० मीटरवर' असेल तर ते रस्त्याने की नकाशावरच्या सरळ रेषेने? मध्ये शेत किंवा खाडी आली की त्याचा दीड किलोमीटर होतो. हणजूण-वागातोरला असाल तर शेजारी क्लब आहे का, हेही विचारा. उघड्यावर रात्री दहानंतर मोठ्याने संगीत लावायला बंदी आहे, तरी झोपेचा भरवसा त्यावर ठेवू नये.

पंचतारांकित हॉटेललाही प्रश्न विचारावे लागतात. पहिला: त्या तारखांना लग्न आहे का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी गोव्यातली मोठी हॉटेले लग्नांनी भरलेली असतात. हिरवळ बंद, तरणतलावाशेजारी हळदीचा कार्यक्रम, नाश्त्याला रांग, आणि तुम्ही भरलेला दर मात्र तोच. आरक्षण विभाग विचारल्याशिवाय हे सांगत नाही, विचारले तर सांगतो. दुसरा: 'सी व्ह्यू' पूर्ण की 'पार्शल'? पार्शलमध्ये दोन माडांमधून निळी पट्टी दिसते आणि त्यासाठी रात्रीचे दोन-तीन हजार जास्त जातात. सकाळी बाहेर पडणाऱ्याने बागेकडची खोली घ्यावी. तिसरा: अनामत किती? चेक-इनला कार्डावर ठराविक रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती आपोआप सुटते, डेबिट कार्डावर खऱ्या पैशांना परत यायला आठवडाही लागतो. मुलाचे वय सहाच्या वर असेल तर त्याच्या नाश्त्याचे वेगळे लागतात का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

ज्यांना किनारा दुय्यम आहे

मंगेशी, शांतादुर्गा, रामनाथी करायला आलेल्यांनी किनाऱ्यावर महाग खोली घेऊन रोज फोंड्याला येजा करू नये. देवस्थानांच्या अग्रशाळांत भाविकांसाठी खोल्या असतात, साध्या आणि अगदी माफक भाड्याच्या. श्रावणात आणि जत्रांच्या दिवसांत आधी फोन करूनच निघावे. जुन्या घरांची आवड असेल तर पणजीच्या फोंतेन्यासमध्ये राहावे. लाकडी जिने, ऑयस्टरच्या शिंपल्यांच्या खिडक्या, आणि खाली उतरले की बेकरी. गाडी लावायला जागा नाही आणि लिफ्ट सहसा नसते, एवढे धरून चालावे.

दोन्ही हवे असेल तर

मुक्काम वाटून घेता येतो, पण पंचतारांकित हॉटेलात एकच रात्र काढणे हा सर्वांत तोट्याचा व्यवहार. दुपारी तीनला खोली मिळते, सकाळी अकराला सोडायची, म्हणजे वीस तास. आठ तास झोपेचे वजा केले तर हातात बारा. दोन रात्री घेतल्या तर एकूण चव्वेचाळीस तास आणि जागेपणीचे अठ्ठावीस: भाडे दुप्पट, उपभोग दुपटीहून जास्त. रविवार आणि सोमवारची रात्र घ्यावी. मुंबई-पुणे-बेंगळुरूची गर्दी रविवारी दुपारी उतरते आणि दर खाली येतो. आधीचे भटकंतीचे दिवस गेस्ट हाऊसमध्ये काढावेत आणि तेही त्याच पट्ट्यात घ्यावे, म्हणजे सामान घेऊन अर्धा गोवा ओलांडावा लागत नाही. रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस मडगावला सकाळी सोडते. तेव्हा मोठ्या हॉटेलची खोली तयार नसते आणि लवकर हवी तर अर्ध्या दिवसाचे भाडे मागतात. गेस्ट हाऊसचा मालक मात्र आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर सकाळीच किल्ली देतो. फक्त आदल्या दिवशी त्याला गाडीची वेळ कळवून ठेवा, आणि पावसाळी वेळापत्रक चालू असेल तर बदललेली वेळ कळवा.