टेबलावरचा छोटा हातमाग : दहापैकी साडेसहा, तेही ग्रेस धरून

१९८४ साली डी.एड.ला असताना हस्तव्यवसाय म्हणून मी विणकाम घेतलं. आवड वगैरे काही नव्हती, शिवणाच्या बाई फार कडक होत्या म्हणून. दोन वर्षांत एक आसनपट्टी आणि दीड टॉवेल एवढं विणून झालं. मग जिल्हा परिषदेच्या शाळा, खडू, जनगणना, निवडणुकीच्या ड्युट्या. २०२३ला निवृत्त झाले. साताऱ्यातल्या घरी दुपारचं काय करायचं हा प्रश्न पडला तेव्हा तो अर्धा टॉवेल आठवला.

माग ऑनलाइन मागवला. सोळा इंची, टेबलावर ठेवायचा, सहा हजार आठशे रुपये. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. याच बनावटीचे माग तीन-चार जण विकताना दिसतात, तेव्हा कुणाकडूनही घेतलात तरी पुढचं तपासून घ्या.

आधी चांगलं सांगते. उभे धागे ओवायची फणी उत्तम आहे. एक भोक, एक फट, एक भोक, एक फट अशी आखीव, कुठे खरखर नाही. फणी उचलली की भोकातले धागे वर येतात, दाबली की खाली जातात, फटीतले जागच्या जागी राहतात. झालं, एवढंच यंत्र. आमच्या कॉलेजातला माग पायांनी चालवायचा होता आणि त्याच्या दोऱ्या बांधण्यात निम्मा तास जायचा. इथे गुडघे दुखणाऱ्या बाईला खुर्चीत बसून विणता येतं. धोटा, म्हणजे आडवा दोरा गुंडाळलेली पट्टी, फेकायचा नाही, नुसता सरकवायचा. पहिल्याच दुपारी हाताला जुनी लय सापडली आणि, खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी खटका निसटला. ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळायच्या दांड्याला दातेरी चाक आहे आणि ते अडवणारा खटका प्लास्टिकचा. ताण वाढला की सटकतो आणि दोनशे चाळीस धागे एकदम सैल पडतात. कंपनीला फोन केला तर "मॅडम, हळू ओढा" असा सल्ला मिळाला. शेवटी माग रिक्षात घालून एका सुताराकडे नेला. तो माझा चौथीतला विद्यार्थी निघाला. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्यो खटका न्हाय, खेळणं हाय." लोखंडी पट्टीचा नवा करून दिला, पैसे घेईना. टेबलाला माग आवळायचे चिमटेही इंचभरच उघडतात. आमच्या जेवणाच्या टेबलाची कड दीड इंच आहे, म्हणून माग पोळपाट ठेवायच्या फळीवर बसवलाय.

सोबत आलेल्या सुताबद्दलही बोलायला हवं. दोन पदरी, बारीक. त्यांच्या फणीला इंचाला दहा धागे बसतात. त्यात हे सूत एकेरी ओवलं तर कापड न होता चहाची गाळणी होते. मी प्रत्येक भोकात आणि फटीत दोन-दोन धागे घेतले, तेव्हा कुठे अंगावर घेण्यासारखा पोत आला. बारा इंच रुंदीला असे दोनशे चाळीस धागे होतात. विणून झाल्यावर ती रुंदी पावणेअकरावर आली, कारण बाणा, म्हणजे आडवा दोरा, कडा आत ओढतो. शिवाय ताण्याचा शेवटचा हातभर भाग विणताच येत नाही, फणीला पुढे जागा उरत नाही. ही दोन्ही घट आधीच धरून ताणा लांब-रुंद घ्या. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही.

ती पुस्तिका! 'निसर्गातून नक्षी' असं नाव आणि आत बर्फातले सूचिपर्णी वृक्ष, लाल पानगळ, समुद्राच्या लाटा. साताऱ्यात बसून मी बर्फ विणू? रानफुलांचं कास पठार इथून पंचवीस किलोमीटरवर आहे. सप्टेंबरात यवतेश्वराचा घाट चढून वर गेलं की पुस्तिकेची गरजच उरत नाही.

पण कास विणायला मी आधी चुकले, ते सांगते. पठारावर जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर, म्हणून ताणा जांभ्याच्या तांबूस रंगाचा घेतला. वर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेची आसवं नावाच्या फुलांचा निळा असे बाण्याचे पट्टे. कल्पना कागदावर फार देखणी होती. साध्या विणीत ताणाही बाण्याइतकाच दिसतो हे मी सदतीस वर्षांत विसरले होते. गुलाबीची वीट झाली, निळ्याचा चिखल. आमच्या ह्यांनी विचारलं, "पायपुसणं का?"

दुसऱ्यांदा ताणा सायीच्या रंगाचा घेतला आणि फुलं काढायचा नाद सोडला. पठारावर उभं राहून नुसतं प्रमाण मोजलं : हिरवं किती, गुलाबी किती, गेंद नावाच्या रानफुलाचं पांढरं किती. चार बोटं हिरवं, दोन ओळी पांढऱ्या, एक बोट गुलाबी, पुन्हा हिरवं. पिवळ्यासाठी सूत कांद्याच्या सालींत तुरटी घालून रंगवलं. हळदीचा मोह होतो, पण उन्हात तो रंग विटतो आणि साबण लागला की लालसर पडतो. हा पट्टा आता आमच्या दिवाणावर आहे आणि पायपुसणं कुणी म्हणत नाही.

माणदेशातली घोंगडीची लोकरही आणून बघितली. या फणीत ती घासून घासून तुटते. चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात ती उगाच नाही. तिच्यासाठी इंचाला पाच धाग्यांची फणी लागते, ती वेगळी विकत घ्यावी लागते. ती घ्यायचा विचार मी सध्या पुढे ढकललाय.

सगळ्यात जमलेलं काम मात्र संगम माहुलीचं. कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात तिथे पावसाळ्यात दोन्ही गढूळ असतात, पण गढूळपणा सारखा नसतो. एक तपकिरी, एक राखाडी असे दोन दोरे घेतले. वेण्णेचा गुंडा डाव्या बाजूला खाली ठेवायचा, कृष्णेचा दोरा धोट्यावर. धोटा उजवीकडून, वरच्या आणि खालच्या धाग्यांमधल्या फटीतून, डावीकडे काढायचा, वेण्णेच्या दोऱ्याला वळसा घालायचा आणि त्याच फटीतून परत आणायचा. ओढलं की वेण्णा आत येते, सैल सोडलं की मागे सरते. दर ओळीला भेटीची जागा थोडी हलवायची, की कापडात आपोआप वळणावळणाचा काठ तयार होतो. यात प्रत्येक ओळीत दोरा दुहेरी पडतो, त्यामुळे बारीकच लागतो. म्हणजे ज्या सुताला मी गाळणी म्हणून नावं ठेवली ते इथे बरोबर बसलं. अर्धा गुण त्याचा वाढवलाय.

साडेसहातले तीन फणीचे, दोन सुटसुटीतपणाचे, एक सुताचा, तो अर्धा धरून. उरलेला अर्धा ग्रेसचा. पुस्तिकेला भोपळा. घेणार असाल तर खटका लोखंडी आहे का ते आधी फोनवर विचारा, आणि "हळू ओढा" असं उत्तर आलं तर सुताराचे पैसेही हिशोबात धरा. तुमचा सुतार तुमचा विद्यार्थी असेलच असं नाही.