घातांकी समीकरण (ज्यात क्ष घातांकात असतो): बीजगणिताने सोडवावं की आलेखाने?

बारावीतल्या भाचीचा प्रश्न: "मामा, नक्की कुठली पद्धत धरू?"

अचूकतेत बीजगणित पुढे. २^क्ष = १० घ्या. दोन्ही बाजूंचा लॉग (१० पायाचा लॉगॅरिदम) घेतला की १० चा १ आणि २ चा ०.३०१०; म्हणून क्ष = १ ÷ ०.३०१०, म्हणजे सुमारे ३.३२. आलेखाच्या कागदावर "३.३ च्या आसपास" एवढंच वाचता येतं. वेळही बीजगणिताला कमी लागतो. ४^क्ष − २^क्ष − १२ = ० मध्ये २^क्ष = म धरा; ४^क्ष म्हणजे म^२, म्हणून म^२ − म − १२ = ०. म = ४ किंवा −३. २ च्या कुठल्याही घाताची किंमत ऋण नसते, म्हणून −३ सोडा. क्ष = २.

पण २^क्ष = क्ष^२ आलं की? लॉग घेऊनही क्ष सुटा होत नाही. २ आणि ४ अंदाजाने सापडतात आणि बरीच मुलं तिथेच थांबतात. दोन्ही वक्र काढा: डावीकडे −०.७७ जवळ तिसरा छेद! तो पहिल्यांदा दिसला तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. मात्र आलेख ३ पर्यंतच काढला तर ४ निसटतो.

तेव्हा पाया (ज्या संख्येवर घातांक असतो ती) सारखा करता येत असेल किंवा लॉग घेऊन क्ष सुटा होत असेल, तर बीजगणित. क्ष घातांकातही आणि बाहेरही असेल, किंवा उकली किती हेच कळत नसेल, तर आधी आलेख.