बायपोलर पॉवर ट्रान्झिस्टर घ्यावा की मॉस्फेट?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात २एन३०५५ हा बायपोलर ट्रान्झिस्टर आणि आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट एकाच काउंटरवर मिळतात. दोघेही मोठा प्रवाह नियंत्रित करणारे सुटे भाग. मात्र त्यांतला कोणता घ्यावा हे किमतीवरून न ठरवता त्याच्याकडून काय काम करून घ्यायचे आहे यावरून ठरवावे.

२एन३०५५ला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोके असतात. बेसमधून थोडा प्रवाह दिला की कलेक्टरमधून त्याच्या काही पट प्रवाह वाहतो. ४ अँपिअरला ही पट जेमतेम २० ते ७० असल्याने बेसलाही सतत प्रवाह पुरवत राहावे लागते. मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या टोकाला, केवळ व्होल्टेज पुरते, पण आयआरएफझेड४४एनला ते १० व्होल्टच्या आसपास लागते.

मोटरचा वेग, एलईडी पट्टी, इन्व्हर्टर अशा चालू-बंदच्या कामात मॉस्फेटच घ्यावा. ४ अँपिअर वाहताना पूर्ण चालू असलेल्या २एन३०५५वर १.१ व्होल्टपर्यंत पडू शकतात, म्हणजे साडेचार वॅटच्या आसपास उष्णता, तर पूर्ण चालू असताना १७.५ मिलिओहम रोध असलेल्या आयआरएफझेड४४एनमध्ये ती ०.३ वॅटही होत नाही.

नळ अर्धवट उघडा ठेवण्यासारखे काम असले, की पारडे फिरते. २४ व्होल्टांतून १२ व्होल्ट, ३ अँपिअर देणाऱ्या साध्या लिनिअर सप्लायमध्ये, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणाऱ्या वीजपुरवठ्यात, ३६ वॅट ट्रान्झिस्टरलाच पचवावे लागतात. चालू-बंदसाठी घडवलेल्या आजच्या बऱ्याच मॉस्फेटमध्ये अशा वेळी चिपचा तापलेला भाग अधिकाधिक प्रवाह ओढतो आणि डेटाशीटवर, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, दिलेले वॅट गाठण्याआधीच तो जळू शकतो. बायपोलरही धुतल्या तांदळासारखा नाही, कारण तापमानाच्या दर अंशामागे त्याचे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते आणि जो जास्त तापतो तोच जास्त प्रवाह ओढू लागतो. म्हणून दोन समांतर जोडताना प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमसारखा छोटा रेझिस्टर द्यावा. तरीही सप्लायसाठी आणि साध्या ऑडिओ ॲम्प्लिफायरसाठी मी बायपोलरच निवडेन.

ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या हीटसिंकमध्ये मात्र काटकसर नको. १ अंश प्रति वॅटची हीटसिंकसुद्धा ३६ वॅटांनी खोलीपेक्षा ३६ अंश वर जाते. मे महिन्यात मुंबईच्या ३४ अंशांच्या खोलीत ती ७० अंशांवर पोहोचेल आणि तिच्यावर बोट टेकवता येणार नाही. २एन३०५५चे धातूचे अंग म्हणजेच कलेक्टर असल्याने ते आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती, तिच्या दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि स्क्रूंना इन्सुलेटिंग बुश, म्हणजे वीजरोधक नळी, हवेतच. स्क्रू आवळल्यावर, वीज देण्याआधी, बझरवर ठेवलेल्या मल्टिमीटरचे एक टोक त्या अंगाला आणि दुसरे हीटसिंकला लावावे. बझर वाजला, तर अभ्रक फाटलेले आहे किंवा बुश सरकलेला आहे.