चिप्सच्या पाकिटांचे तारे - फोंड्यातल्या एका वर्कशॉपबद्दल

मागच्या रविवारी सातवीतल्या लेकीला घेऊन फोंड्याला एका वर्कशॉपला गेले, इस्लामिक कलेतून रिसायकलिंग असा विषय होता. नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे आणि गोवा केवढासा, उद्या बुधवारच्या बाजारात समोरासमोर यायचो. शेजारच्या काकूंनी निघतानाच टोकलं होतं, "धर्मबिर्म शिकवणार नाहीत ना गो?" म्हटलं बघून येते, मग सांगते.

सांगितलं होतं घरून पाकिटं आणा, चिप्स, बिस्किटं, तेलाच्या पिशव्या, पण धुऊन सुकवून. आम्ही नुसतीच पिशवीत कोंबून नेली आणि पहिला अर्धा तास नळाखाली गेला. तिथल्या टीचरनी काही बोलून नाही दाखवलं, फक्त म्हणाल्या तेलकट पाकिटाला गोंद धरत नाही. बस. ओला-सुका कचऱ्यावर मी घरी दोन वर्षं डोकं फोडतेय, लेकीला ते या एका वाक्यात कळलं.

मग कागद तीनदा दुमडून वर्तुळाचे आठ भाग, दोन चौकोन एकमेकांवर ४५ अंशात फिरवून आठ टोकांचा तारा. असे तारे टोकाला टोक लावून मांडले की मधे आपोआप क्रॉससारखा आकार उरतो, तो वेगळा काढावाच लागत नाही. झेलीज म्हणतात त्या मोरोक्कोच्या टाइल्सच्या कामात हे डिझाईन सगळीकडे असतं म्हणे, तिथे कारागीर भाजलेली रंगीत फरशी हातोडीने फोडून तुकडे घडवतात, आमच्याकडे कात्री आणि हळदीरामचं पाकीट. लेकीचा एक तारा दोन मिलीमीटर मोठा कापला गेला, पहिल्या ओळीत कळलंसुद्धा नाही, तिसऱ्या ओळीत बोटभर फट. रडवेली झाली, पण परत कापलंन सगळं, आणि उरलेल्या कातरणाचे बारके त्रिकोण करून किनार लावली. गणिताच्या पेपराला एवढी चिकाटी दाखवली असती तर!

मला सगळ्यात भारी वाटलं ते आझुलेजोचं. पणजीत फोंतेन्यास मध्ये घरांवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या पाट्या असतात ना, त्या आपण पोर्तुगीज म्हणतो, पण तो शब्दच अरबी अल-झुलैजवरून आलाय, आणि झेलीज पण त्याच घरातला. म्हणजे काकूंच्या माहेरच्या दारावरच्या पाटीचं नाव मुळात अरबी, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुपारी शापूरच्या साफा मशिदीकडे नेलं. १५६० ची, आदिलशाहीतली, उतरत्या कौलांची, एवढ्याशा जागेत इतकी शांत. बाजूला चिऱ्यांची तळी आहे, आत उतरायला पायऱ्या आणि भिंतींना कमानींचे खण. तिथे बसवून टीचरनी दोन्ही हातांची ओंजळ भरून पाणी एका डब्यात ओतलं, म्हणाल्या पैगंबर साधारण एवढ्याशा पाण्यात वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, करायचे, आणि खा-प्या पण उधळू नका असं कुराणातच आहे. धर्माचं म्हणाल तर एवढंच. एका पोराने लगेच विचारलं मग दात घासताना नळ चालू ठेवला तर? सगळे हसले, तो पण.

आणखी एक गंमत, एका मुलाने मिरामारच्या किनाऱ्यावरून गोळा केलेली बियरची झाकणं आणली होती, त्याचे वडील लाजेने लाल. टीचर म्हणाल्या झाकण ते झाकण, नीट धू आणि मधल्या गोलात बसव.

आता तक्रार. जेवण थर्माकोलच्या ताटलीत! पाणी छोट्या प्लास्टिक बाटल्यांत!! सकाळभर एकेक पाकीट धुवायला लावलंत आणि जेवायला हे? शेवटी प्रत्येकाचं काम नव्या प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून द्यायला लागले, मी आमचं नको म्हटलं. बोलले तर म्हणे केटरर बाहेरचा आहे. बाबांनो, केळीची पानं गोव्यात कमी पडली का? शिवाय चारला सुटायचं ते साडेपाचला सुटलं, कदंबाची बस निघून गेली.

६०० रुपये घेतात, साहित्य धरून. आठ वर्षांखालच्यांना नेऊ नका, कात्रीचं काम फार आहे. ताटली सोडून परत जाईन मी.

लेकीचं पॅनेल भिंतीवर अर्धवट लटकतंय, कोपऱ्यातल्या ताऱ्याला हिरवा तुकडा कमी पडला. काकूंना सांगून ठेवलंय, हिरव्या पाकिटातले चिप्स खाल्ले की पाकीट टाकू नका, पुसून द्या. त्या म्हणाल्या मी कुठे चिप्स खाते, आणि संध्याकाळी दोन आणून दिली.