बॅस्ट्रॉप स्टेट पार्क, टेक्सास : भिंती बघायला जावं असं जंगल

ऑस्टिनहून आग्नेयेला तीसएक मैलांवर बॅस्ट्रॉप स्टेट पार्क आहे. लोक तिथे चालायला जातात, सायकली घेऊन जातात. मी मात्र विचारेल त्याला सांगते, तिथली बांधकामं बघा आणि जमलं तर एक रात्र जुन्या केबिनमध्ये काढा. माझी सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर झाली. कुठलीही इमारत दिसली की माझी नजर आधी जोत्याकडे जाते, आणि इथल्या केबिनच्या जोत्यापाशी मी बराच वेळ नुसती उभी होते.

दगड तिथलाच आहे, लोह असलेला तांबूस-तपकिरी वालुकाश्म. तळाला थोराड दगड आणि वर जाल तसे लहान, त्यामुळे भिंत जमिनीवर आणून ठेवल्यासारखी वाटत नाही, जमिनीतूनच वर आल्यासारखी वाटते. छप्पर बुटकं, लाकूड जाडजूड. हे दिसतं साधं, पण करायला अवघड आहे. चौकोनी घडवलेला चिरा ओळीत लावणं सोपं. अनघड दगडाचा प्रत्येक तुकडा हातात घ्यावा लागतो, फिरवून बघावा लागतो, कुठे बसेल ते ठरवावं लागतं. यात घाई केली की दरजांमध्ये लगेच कळतं. इथे मी बोट फिरवत गेले तिथे कुठेही ती घाई जाणवली नाही.

आणि हे काम करणारे कोण? १९३३ साली, महामंदीच्या काळात, अमेरिकी सरकारने बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, म्हणजे सीसीसी, सुरू केली. पोरं साधारण १८ ते २५ वयाची. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले २५ थेट घरी जायचे. यातली बरीचशी पोरं हातात टाकी-छिन्नी पहिल्यांदाच धरणारी, जाणत्या कारागिरांच्या हाताखाली कामावरच शिकलेली. १८०५ आणि १८११ क्रमांकाच्या दोन तुकड्यांनी हे उद्यान उभं केलं. वास्तुविशारद होते आर्थर फेअर. या पोरांनी इथेच सुतारशाळाही चालवली आणि टेक्सासमधल्या इतर उद्यानांसाठीही फर्निचर बनवलं. रिफेक्टरी या मोठ्या दगडी सभागृहात गेलात तर छताच्या तुळया आणि शेकोटीचा दगड सावकाश बघा. नवशिक्या हातांना नीट शिकवलं, वेळ दिला आणि साहित्य चांगलं दिलं तर काय होतं, ते तिथे समोर दिसतं. मला त्या सभागृहात भरून आलं होतं.

पण नुसत्या इमारतींवर थांबू नका. १९९७ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तो मिळण्यात रस्त्यांचा आणि जमिनीच्या मांडणीचाही वाटा आहे. बॅस्ट्रॉपहून शेजारच्या ब्यूशर स्टेट पार्ककडे जाणारा पार्क रोड १-सी टेकडी फोडत सरळ जात नाही, उतारांच्या कलाने वळत जातो. रस्त्याखालच्या मोऱ्यांनासुद्धा दगडी काम आहे. गाडीतल्या कुणाला मोरी दिसणार नाही हे ठाऊक असूनही ती देखणी बांधलेली आहे! मी गाडी थांबवून खाली उतरून बघितली. तुम्हीही बघा.

इथल्या लॉब्लॉली पाइनच्या रानाला ‘लॉस्ट पाइन्स’ म्हणतात, कारण पूर्व टेक्सासमधल्या मुख्य पाइन पट्ट्यापासून ते सुमारे शंभर मैल तुटून पडलेलं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये, भीषण दुष्काळात, वारा सुटला, झाडं वीजतारांवर आली आणि वणवा पेटला. उद्यानाचा सुमारे ९६ टक्के भाग जळाला. अग्निशमन दलाने जिवाची बाजी लावून केबिन आणि रिफेक्टरी वाचवल्या. पुढे २०१५ च्या मे महिन्यातल्या अतिवृष्टीत तळ्याचा बांध फुटला. आज केबिनभोवती उंच पाइन आहेत, पण रस्त्याने थोडं पुढे गेलं की खुरटी, तरुण झाडी आणि मोकळं आभाळ. वणव्यानंतर इथे लाखो रोपं लावली. त्यांचं बियाणं याच लॉस्ट पाइन्सच्या दुष्काळ सोसणाऱ्या वाणाचं होतं, वनखात्याने आधीपासून जपून ठेवलेलं. ही बांधकामं झाडांच्या सावलीत लपावीत अशा बेताने उभारली होती. ती सावली सगळीकडे परत यायला अजून काही दशकं लागतील, म्हणून जुने पाइन आणि त्याखालची दगडी भिंत हे मूळ चित्र बघायचं तर केबिनच्याच बाजूला जायला हवं.

राहण्याबद्दल थोडं. जुनी केबिन आतून अंधारी असते, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. दगडी पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. गुडघेदुखी असलेल्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर बुकिंग करतानाच कमी पायऱ्यांची केबिन विचारून घ्या. झगमगीत सोयी हव्या असतील तर ऑस्टिनमधलं हॉटेल बरं. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, जळालेल्या भागात दुपारी चालणं केवळ त्रासाचं. मी थंडीतली सकाळ निवडेन, कारण तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि दगडांचा खडबडीतपणा नीट दिसतो. शनिवार-रविवारच्या केबिन लवकर भरतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी सहज मिळण्याची शक्यता जास्त.